थंड पाण्यातला नांगेवाला लॉब्स्टर आपल्या समुद्रात का नाही?

वर्सोवा_लोकल
जाणकारांनी मदत करा. भाच्याला उत्तनला जागा मिळतेय आणि त्याच्या डोक्यात लॉब्स्टर घुसलाय. आपली शेवंड नव्हे, तो अमेरिकेतला, दोन जाडजूड नांगे असलेला, व्हिडिओत लोक अडकित्त्याने फोडून खातात तो. म्हणे जिवंत नर-माद्या मागवायच्या, टाक्यांत खाडीचं पाणी सोडायचं आणि वाढवायचे. मी आयुष्यभर ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर मासळी घेत आलोय, पण असले नांगे असलेली शेवंड एकाही टोपलीत पाहिली नाही. तो आणि आपली शेवंड एकाच घरातले का? आणि इथे का होत नाही? धंद्याचे सल्ले नकोत, ते देणारे घरात पुष्कळ आहेत. प्राण्याबद्दल सांगा.

पापलेटप्रेमी
रुमाल टाकून ठेवतो. (शेवंड सध्या कुठे स्वस्त मिळतेय तेही कोणी सांगितलं तर पुण्य लागेल.)

खडकावरचा_मास्तर
एका घरातले नाहीत, लांबच्या भावकीतले. दोघेही दशपाद, म्हणजे कोलंबी-खेकड्यांच्या मोठ्या गोतावळ्यातले. पण नांगेवाले लॉब्स्टर नेफ्रोपिडी कुळातले आणि आपल्या काटेरी शेवंडी पॅलिन्युरिडी कुळातल्या. मुंबईच्या बाजारात येते ती मुख्यतः पॅन्युलिरस पॉलिफॅगस: हिरवट अंग, शेपटीच्या खंडांवर आडव्या पांढऱ्या रेघा, लांब जाड मिशा. गढूळ पाणी आणि चिखलाचा तळ तिला चालतो, म्हणून तिचं आपल्याशी जमलं. नांगे नाहीत. काटे, मिशा आणि शेपटीच्या फटक्यानं मागे सटकणं, एवढ्यावर तिचा संसार.

भाच्याचा लॉब्स्टर म्हणजे होमारस अमेरिकानस. कॅनडातल्या लॅब्रॅडॉरपासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनापर्यंतचा अटलांटिकचा काठ त्याचा. पलीकडच्या काठावर, नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंत, त्याचा भाऊ होमारस गॅमारस राहतो. तो जिवंतपणी गडद निळा. शिवाय नेफ्रॉप्स नावाचा सडपातळ केशरी नातलग आहे. तो मऊ चिखलात बिळं करून राहतो आणि युरोपात लँगुस्टीन म्हणून खाल्ला जातो.

आता "इथे का नाही" याचं उत्तर. होमारसला साधारण १२ ते १८ अंश सेल्सियसचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की त्याचा श्वास अडचणीत येतो, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमक्या त्याच वेळी अंगाची प्राणवायूची भूक वाढते. मुंबईजवळचं पाणी वर्षभरात साधारण २४ ते ३० अंश. आपली थंडीतली रात्रही त्याला सोसायची नाही.

नुसतं गार पाणी मिळूनही भागत नाही. पिल्लू तळाला उतरतं तेव्हा त्याला गोट्यांचा तळ लागतो, मूठभर ते डोक्याएवढे दगड आणि त्यांच्यामधल्या फटी. पहिलं वर्षभर ते त्या फटींतून फारसं बाहेर येतच नाही. बाहेर आलं की कुठला तरी मासा टपलेलाच असतो. अमेरिकेतल्या मेनच्या आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर हिमनद्यांनी असे दगड पसरून ठेवलेत. मोठा झाल्यावर मात्र तो खडक, वाळू, चिखल कुठेही दिसतो. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ येतो, हिवाळ्यात खोल पाण्यात जातो, दिवसा बिळात आणि रात्री शिकारीला. खेकडे, शिंपले, किडे, समुद्री अर्चिन, जे सापडेल ते.

शंकासुर
मास्तर, पाणी गार ठेवणारा चिलर लावला तर? आजकाल दादरच्या फ्लॅटमध्ये लोक एसी लावून हस्की पाळतात.
दुसरं, लॉब्स्टर म्हातारा होत नाही, अमर असतो, असं फॉरवर्ड माझ्याकडे दर दिवाळीला येतं. खरं काय?

खडकावरचा_मास्तर
चिलर लावून जिवंत ठेवता येतो. मोठी हॉटेलं तेच करतात. गार आणि ओल्या पेटीत कल्ले ओलसर राहिले तर तो पाण्याबाहेरही दिवसभर तग धरतो, म्हणून तर विमानानं येतो. पण ठेवणं वेगळं आणि वाढवणं वेगळं.

त्याचा जन्मक्रम बघा म्हणजे भाच्याला समजावता येईल. मादी कात टाकते आणि अंग मऊ असतानाच मीलन होतं. त्याआधी ती नराच्या बिळाच्या तोंडाशी येऊन त्याच्यावर मूत्राचा फवारा सोडते. हसू नका, यांची मूत्राची छिद्रं तोंडाजवळ, मिशांच्या बुडाशी असतात आणि सगळी बोलणी त्याच वासावर चालतात. दोन नर भांडतात तेव्हाही हेच. हरलेला नर जिंकलेल्याचा वास काही दिवस लक्षात ठेवतो आणि पुन्हा समोर आला तर वाटेतून बाजूला होतो. अमेरिकेत जेल आटेमा या शास्त्रज्ञानं यावर बरीच वर्षं काम केलं.

मादी नराचं बीज साठवून ठेवते, काही महिन्यांनी अंडी घालते आणि नंतर ती ९ ते ११ महिने शेपटीखाली चिकटवून फिरते. अर्ध्या किलोची मादी साधारण १०,००० अंडी, मोठी असेल तर लाखाच्या घरात. पिल्लं बाहेर पडली की तीन अवस्था वरच्या पाण्यात तरंगत काढतात आणि चौथ्या अवस्थेत त्यांना छोटे नांगे येऊन ती तळाकडे वळतात. पाणी जितकं गार, तितके हे आठवडे वाढतात. त्यानंतर अर्धा किलो वजन व्हायला पाच ते सात वर्षं. तेवढ्यात हा गडी वीस-पंचवीस वेळा कात टाकतो. आणि एका टाकीत दोन ठेवले की ज्यानं कात टाकली त्याला दुसरा खातो. म्हणजे प्रत्येकाला वेगळी खोली, गार पाणी आणि सात वर्षं रोजचं जेवण! ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टो गावात २००० साली एक लॉब्स्टर उबवणी केंद्र सुरू झालं. तिथंसुद्धा पिल्लं तळाला उतरण्याच्या वयाची झाली की समुद्रात सोडून देतात. पुढचं पोसणं समुद्रावर सोपवलेलं परवडतं.

अमर वगैरे काही नाही. पेशींना म्हातारपणापासून जपणारं टेलोमरेज नावाचं विकर मोठेपणीही काम करत राहतं, वाढ थांबत नाही, मोठ्या माद्या जास्त अंडी देतात, इथपर्यंत खरं. पण आकार वाढला की कात टाकणं महाग पडत जातं. काही त्यातच मरतात. काही कात टाकायचं सोडतात आणि जुनं कवच किडतं. नोंदलेला सर्वांत मोठा १९७७ साली नोव्हा स्कोशियात सापडला, २०.१४ किलो. त्याचं वय ठामपणे सांगता येत नाही, कारण कात टाकताना जुनं कवच टाकून दिलं जातं.

मिसळ_नको_पाव_द्या
कात टाकताना ते एवढाले नांगे बाहेर कसे येतात? मनगटाचा सांधा तर अगदी बारीक असतो.

खडकावरचा_मास्तर
फार चांगला प्रश्न. आधी नांग्यातलं रक्त मागे खेचलं जातं आणि आतलं मांस झिजून आक्रसतं. मग कवच पाठीवर, धड आणि शेपटीच्या जोडावर फाटतं आणि प्राणी आडवा पडून बाहेर सरकतो. नांग्याचं मांस त्या बारीक सांध्यातून ओढून काढायचं असतं. बांगड्या भरताना कासार मूठ आवळून धरतो, तसा प्रकार. अडकलाच तर नांगा तोडून टाकतो, पुढच्या काही कातींमध्ये नवा येतो. बाहेर पडल्यावर भरपूर पाणी पिऊन अंग फुगवतो, त्यामुळे लांबी साधारण १५ टक्के आणि वजन ४०-५० टक्के वाढतं. जठरात साठवलेला चुना आधी वापरतो आणि जुनं कवचही बरचसं खाऊन टाकतो.

हॅलिफॅक्सचा_ठाणेकर
चला, पंधरा वर्षं इथे राहिल्याचा उपयोग झाला. मास्तर म्हणतात ते कवचाचं प्रकरण इथे बाजारभाव ठरवतं. नुकती कात टाकलेला लॉब्स्टर घेतला तर कवच हातानं मोडतं, पण आत निम्मं पाणी. मांस गोड लागतं म्हणून काही जण मुद्दाम तोच मागतात. दूर पाठवायला तो टिकत नाही. आमच्या नैर्ऋत्य नोव्हा स्कोशियाचा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होऊन मे अखेरीस संपतो, कारण हिवाळ्यात कवच कडक आणि भरलेलं असतं. उणे तापमानात होडीवर पिंजरे ओढणाऱ्यांना बघून मला आपले कोळीबांधव फार आठवतात.

शेजारच्या अमेरिकेतल्या मेन राज्याचा नियम ऐका. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत मोजतात. सव्वातीन इंचांपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात आणि पाच इंचांपेक्षा मोठा असेल तरीही परत पाण्यात. अंडी असलेली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पाकळीवर इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडून सोडतात. पुढच्या वेळी ती अंड्यांशिवाय सापडली तरी खाच दिसली म्हणजे हात लावायचा नाही.

नाखवीण_मढ
हे मोठ्याला सोडण्याचं मला पटलं. आमच्यात मोठी शेवंड सोडायची म्हटलं तर घरात भांडण होईल, एका नगाचे पैसे बघता. पण खरं सांगते, सासऱ्यांच्या वेळी जाळ्याला किलोची शेवंड लागायची, आता तळहाताएवढी लागते नि तीपण कोणी सोडत नाय. शेपटीखाली अंडी असली तरी धक्क्यावर चालते. बर्फ, डिझेल, खलाशांचा पगार, सगळं त्याच जाळ्यातनं काढायचं असतं, तवा नुसता मच्छीमाराला बोल लावू नका. घेणाऱ्यानं "अंड्याची नको" म्हटलं तर आम्ही कशाला आणू?

आणि ती चपटी शेवंड, मिशा नसलेली, तोंडापुढे दोन फळ्या असल्यासारखी, ती तर आता दिसतच नाय. आधी ट्रॉलरवाले पोत्यांनी आणायचे.

खडकावरचा_मास्तर
ताई, ती थेनस. मिशांच्या जागी चपट्या पट्ट्या असतात, त्याच तुमच्या फळ्या. १९८० च्या दशकात मुंबईच्या ट्रॉलरांना ती टनावारी मिळायची आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत ती मासेमारी कोसळली. अंडीवाल्या माद्या मोठ्या प्रमाणात उचलल्या गेल्या, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या लोकांनी हे नोंदवून ठेवलंय. २००३ साली केंद्र सरकारनं निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली, आपल्या पॉलिफॅगसला ३०० ग्रॅम आणि थेनसला १५० ग्रॅम. पण ते निर्यातीला. क्रॉफर्ड मार्केटात कोण तागडी घेऊन बसलंय?

मेनवाल्यांचं फार कौतुकही नको मात्र. नियम चांगले आहेतच, पण त्यांना समुद्रानंही हात दिला. लॉब्स्टर खाणारा कॉड मासा माणसांनी आधीच मारून संपवला होता. त्यात पाणी थोडं गरम झालं. पिल्लं तळाला उतरायला पाणी १२ अंशांच्या वर लागतं. मेनचा पूर्वेकडचा भाग पूर्वी त्याहून गार असायचा, तो आता राहण्याजोगा झाला. २०१६ मध्ये मेननं १३ कोटी पौंडांवर लॉब्स्टर उतरवला, म्हणजे साधारण ६०,००० टन. त्यानंतर आकडे उतरत गेले. दक्षिणेला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडमध्ये १९९९ साली लॉब्स्टर सामूहिकरीत्या मेले आणि ती मासेमारी परत उभी राहिली नाही. त्या दक्षिण पट्ट्यात कवच सडवणारा रोगही पसरलाय. एकच तापमानवाढ उत्तरेला फळली आणि दक्षिणेला मारून गेली.

शंकासुर
पिंजरा लावला की लॉब्स्टर आत आणि दार बंद, असंच ना? मग एवढ्या पिंजऱ्यांतून एखादा वाचतो कसा?

हॅलिफॅक्सचा_ठाणेकर
पिंजऱ्याला दार नसतं, जाळीचं नरसाळं असतं. न्यू हॅम्पशायरच्या संशोधकांनी पिंजऱ्यावर कॅमेरा लावून बघितलं, तर आत शिरलेल्यांपैकी साधारण ९४ टक्के आरामात बाहेर निघून गेले. जेवून! बाहेर जे भांडण चालतं ते वेगळंच, आतला दुसऱ्याला येऊ देत नाही. कोळ्याच्या हाती लागतो तो बहुधा पिंजरा वर ओढताना नेमका आत बसलेला.

शाकाहारी_पण_उत्सुक
खाणाऱ्यांच्या धाग्यावर आलेय, सांभाळून घ्या. तो उकळत्या पाण्यात जिवंत टाकतात, त्याला दुखत नाही का? आणि शिजल्यावर सगळे लालच का होतात?

पापलेटप्रेमी
झालं, आता धागा शंभरी गाठणार.

खडकावरचा_मास्तर
आधी सोपा प्रश्न. कवचात अ‍ॅस्टाझँथिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. जिवंतपणी ते क्रस्टासायनिन या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि त्या बांधणीत त्याचा रंग निळा दिसतो. उष्णतेनं प्रथिन मोडतं, लाल मोकळं होतं. आपली चिंबोरी आणि कोलंबीही याच कारणानं लाल होते.

दुखण्याबद्दल: मेंदू लहान आणि मज्जारज्जू पोटाकडच्या बाजूला, म्हणून पूर्वी "त्यांना कळत नाही" म्हणून सोडून द्यायचे. पण दुखापतीपासून दूर राहायला शिकणं, जखमेची काळजी घेणं, भूक आणि धोका यांचा हिशेब करणं असं वागणं दशपादांत दिसलंय. स्वित्झर्लंडनं २०१८ पासून बेशुद्ध न करता उकळायला बंदी घातली. ब्रिटननं २०२२ च्या प्राणी संवेदना कायद्यात दशपादांना घेतलं. माझ्या लेखी संशयाचा फायदा प्राण्याला द्यावा. घरी चिंबोऱ्या करतानाही आधी मारून मग साफ करतो. बायको म्हणते वेळ जातो.

मिसळ_नको_पाव_द्या
दोन्ही नांगे सारखे नसतात ना? फोटोत एक जाड दिसतो.

खडकावरचा_मास्तर
या विषयावर मी तासभर बोलू शकतो, आवरतं घेतो. जाड नांगा भक्ष्य फोडण्यासाठी. त्याचे दात बोथट आणि स्नायू सावकाश पण जबर दाबणारे. शिंपला त्यात चुरा होतो. बारीक नांगा कापण्यासाठी आणि पकडण्यासाठी, झटक्यात मिटणारा. जन्मतः दोन्ही सारखे असतात. कुठल्या बाजूला फोडणारा होणार हे पाचव्या अवस्थेच्या आसपास ठरतं, आणि तेही वापरावरून! कॅनडातल्या गोविंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात पिल्लांना गुळगुळीत भांड्यात वाढवलं, पकडायला काहीच दिलं नाही. त्यातल्या बहुतेकांना दोन्ही नांगे कापणारेच आले. ज्यांना कालवांच्या कवचाचे तुकडे चाळायला दिले, त्यांच्यात फोडणारा तयार झाला. जो नांगा जास्त राबला तो जाड झाला. म्हणून निसर्गात डावखुरे आणि उजवे साधारण निम्मे-निम्मे.

एकदा ठरलं की ठरलं. जाड नांगा तुटला तर त्या जागी जाडच उगवतो. याच्या उलट आपल्या खडकांतली टिचकी मारणारी कोलंबी, अल्फियस. मोठ्या ओहोटीला हाजीअलीकडे किंवा कार्टर रोडच्या खडकांत दगड उचलला की टक्-टक् ऐकू येतं ती. तिचा मोठा नांगा तोडला तर दुसऱ्या बाजूचा लहान नांगा मोठा होतो आणि तुटलेल्या जागी लहान उगवतो. दगड परत जसा होता तसा ठेवा, एवढी विनंती.

वर्सोवा_लोकल
भाच्याला सगळं वाचायला दिलं. तो म्हणतो, मग दोन-चार खाडीतच सोडून बघू.

हॅलिफॅक्सचा_ठाणेकर
अहो, त्याला थांबवा! सोडलेला लॉब्स्टर खाडीत फार काळ जगणार नाही हे बरंच आहे, पण सवय वाईट. स्वीडन-नॉर्वेच्या पाण्यात कोणीतरी असेच अमेरिकन लॉब्स्टर सोडले. ते तिथल्या निळ्या भावंडांशी संकर करतात आणि रोग घेऊन येतात. २०१६ मध्ये स्वीडननं युरोपीय संघाकडे आयातबंदी मागितली होती.

खडकावरचा_मास्तर
शिवाय परदेशी जलचर आणून वाढवायला सरकारची परवानगी लागते. भाच्याला म्हणावं, नांगेवालेच हवे असतील तर आपल्याकडे आहेत, फक्त खोलात. अरबी समुद्रात आणि अंदमानजवळ काही शे मीटर खाली नेफ्रॉप्सिस स्ट्युअर्टी राहतो, नेफ्रोपिडी कुळातलाच. १८७० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ वुड-मेसन यांनी अंदमान समुद्रातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. डोळे अगदी क्षीण, अंग फिकट लालसर, नांगे केसाळ. तिथे सूर्य पोचत नाही, पाणी गार असतं. वरच्या २८ अंशांच्या थराखाली थंड पाण्याचं एक वेगळंच गाव आहे, आणि हे कुळ तिथं गार पाणी धरून राहिलं. बाजारात येण्याएवढा मोठा होत नाही, म्हणून टोपलीत दिसत नाही.

आणखी एक. नेफ्रॉप्सच्या तोंडाच्या अवयवांवर मिलिमीटरहून कितीतरी बारीक जीव चिकटून राहतो, सिंबिऑन पँडोरा. लॉब्स्टरच्या तोंडातून सांडलेलं खातो. १९९५ साली फुंक आणि क्रिस्टेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तो प्राण्यांच्या कुठल्याच ज्ञात संघात, म्हणजे मोठ्या गटात, बसेना, म्हणून सायक्लिओफोरा हा नवा संघ करावा लागला. लोक पिढ्यान्‌पिढ्या लँगुस्टीन खात होते, त्याच्या ओठावर कोण बसलंय ते कोणी पाहिलं नव्हतं.

शंकासुर
मास्तर, हे आधी सांगायचं ना. वाचनखूण साठवली.

नाखवीण_मढ
मास्तर, एक शंका. आमच्या शेवंडीला नांगे नाय म्हणता. पण काही शेवंडींच्या अगदी शेवटच्या पायाला बारीक चिमटा असतो, निवडताना बोटाला लागतो. तो काय?

खडकावरचा_मास्तर
नेमकं बघितलंत. ती मादी. पाचव्या जोडीच्या पायांना टोकाला छोटा चिमटा फक्त मादीला असतो, नराचे पाय साधे टोकदार. नर मीलनाच्या वेळी तिच्या छातीवर बीजाचा चिकट डाग लावून जातो. अंडी घालायची वेळ झाली की ती त्या चिमट्यानं डाग खरवडते आणि बीज मोकळं करते. पुढे अंडी शेपटीखाली असताना त्याच चिमट्यानं ती साफ करते, मेलेली काढून टाकते. नांगेवाल्या लॉब्स्टरची मादी ओळखायला मात्र शेपटीखालच्या वल्ह्यासारख्या छोट्या पायांची पहिली जोडी बघतात, नराची कडक आणि मादीची मऊ, पातळ.

नाखवीण_मढ
म्हणजे पायावरून मादी आधीच कळते, शेपटी उलटी करायला नको. उद्या धक्क्यावर पोरांना दाखवते.